मुंबईला किती तास लागतात? विधिमंडळ सदस्यांना नागपूरहून खुले पत्र

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनाचा आठवडा जवळ आला की नागपूरच्या विमानांची तिकिटे महागतात. त्या दिवसांत सोनेगाव विमानतळावर उतरणाऱ्यांमध्ये तुम्ही असता, तुमचे स्वीय सहायक, खात्यांचे सचिव, पत्रकार असतात. त्याच दिवसांत उपचारासाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईला निघालेल्या माणसाला मला सांगावे लागते, की काल होता तो भाव आज नाही. बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, माझे तिकिटांचे छोटे दुकान आहे. रेल्वे, विमान, ट्रॅव्हल्स, सगळ्यांची तिकिटे काढून देते. दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "ताई, मुंबईले किती घंटे लागतात?"

समृद्धी महामार्गाच्या सरकारी जाहिरातीत याचे उत्तर आठ तास आहे. विमानाच्या तिकिटावर ते दीड-पावणेदोन तास आहे. मला मात्र आधी विचारावे लागते, की तुम्ही कुठून येणार, मुंबईत कुठे जाणार, सोबत कोण आहे, पैसे किती आहेत आणि किती वाजता तिथे हजर व्हायचे आहे. हे सगळे कळल्यावर जे उत्तर निघते ते आठ तासांचे क्वचितच असते. राज्याची धोरणे ठरवताना तुम्ही यांपैकी कोणते उत्तर हाती धरता, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

आधी अंतराचे सांगते, कारण तिथेच गोंधळ सुरू होतो. नागपूर आणि मुंबईच्या विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग आमच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते. रेल्वे वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, नाशिक अशी उत्तरेकडून वळसा घालून जाते. नागपूरपर्यंत हा मार्ग १८६७ साली पोहोचला आणि मुंबईची गाडी आजही त्याच वाटेने धावते. समृद्धी वाशीम, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा राज्याच्या पोटातून गेला, म्हणून तो विमानाच्या रेषेच्या इतका जवळ आला. अभियंत्यांचे आणि मजुरांचे हे काम मोठे आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूर तालुक्यात पुलाचे काम चालू असताना यंत्रणा कोसळून २० जणांचा जीव गेला. ज्यांच्या हातांनी हा रस्ता झाला त्यांची आठवण त्याच्या किलोमीटरांसोबत ठेवायला हवी.

आता वेळेकडे येते. नागपूर-मुंबई विमान प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तासच असते. तिकिटावर छापलेल्या वेळेत विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा सगळा काळ धरतात. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या तो वेळ आधीच धरून चालतात. परतीच्या प्रवासात पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर काही मिनिटे वाचतात. विमानतळावर तासभर आधी पोहोचायचे, सामान द्यायचे, तपासणी करायची. हे सगळे मिळून बर्डीतल्या घरापासून मुंबईतल्या कार्यालयापर्यंत पाच तास धरा, असे मी गिऱ्हाइकाला सांगते.

या पाच तासांची दोन्ही टोके गेल्या काही वर्षांत चांगली झाली. बर्डीहून मेट्रोने विमानतळाच्या स्थानकापर्यंत जाता येते. मुंबईत २०२५ च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो विमानतळाच्या टर्मिनलपासून थेट विधान भवन स्थानकापर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत धावते. ज्यांना विमान परवडते त्यांचा प्रवास असा दोन्ही बाजूंनी सोपा होत गेला आणि तो व्हायलाच हवा होता. पहाटेचे विमान पकडून दिवसभराचे काम उरकायचे आणि रात्री घरी जेवायला यायचे, हे आता जमते. पण विमानाचे भाडे मागणीनुसार दर तासाला बदलते. सुट्टीच्या आणि अधिवेशनाच्या दिवसांत ते एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याच्या वर जाते. शिवाय एकच विमान दिवसभरात अनेक शहरांत फिरते. दिल्लीत सकाळी धुके पडले की त्याचा उशीर संध्याकाळी नागपूरला येऊन पोहोचतो. ज्याची मुंबईतली वेळ चुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळणार असते, त्याला मी आदल्या दिवशीच जायला सांगते. तिथेच दीड तासाचे विमान एका मुक्कामाचे होते.

समृद्धीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण विदर्भाच्या मनातली मुंबई याच रस्त्याने जवळ आणली. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. पुढच्या वर्षी तो भरवीरपर्यंत गेला, मग इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडून रस्ता आमणेला लागला. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा झाल्यापासून कसारा घाटातली ती जीवघेणी वळणे टळली. मोटारीसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे कुठेही न थांबता गेले तरी ७०१ किलोमीटरला सहा तासांच्या जरा आत वेळ लागणार. चहा, जेवण, इंधन आणि चालकाची विश्रांती धरली की आठ तास होतात. आठ तासांचे गणित खोटे नाही.

ते शिवमडक्यापासून आमणेपर्यंतचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवमडक्याला कोणी राहत नाही आणि आमणेला कोणाचे काम नसते. इतवारीतून किंवा जरीपटक्यातून निघालेल्या माणसाला वर्धा रोडची गर्दी पार करून रस्त्याच्या तोंडाशी जायलाच तास लागतो. आमणेहून पुढे भिवंडीचा वळणरस्ता, माजिवडा, ठाणे असे करत परळला किंवा नरिमन पॉइंटला पोहोचायला कधी दीड तास, कधी अडीच. शेवटच्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये आधीचा सगळा वेग विरून जातो. दहा-साडेदहा तासांनी पोहोचलेल्या मोटारवाल्याला तरीही आनंद असतो, कारण पूर्वी हाच प्रवास पंधरा-सोळा तासांचा होता.

पण मोटार कोणाकडे आहे? २०२५ च्या एप्रिलपासून या रस्त्यावर मोटारीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. पूर्ण रस्त्याचे एका बाजूचे सुमारे १,४४५ रुपये होतात, इंधन वेगळे. दुचाकीला इथे मनाई आहे, रिक्षाला मनाई आहे, ट्रॅक्टरला मनाई आहे. अशा वेगाच्या रस्त्यावर ती असायलाच हवी. पण मग ज्याच्याकडे दुचाकीच आहे त्याच्या वाट्याला हा रस्ता यायचा तर तो बसनेच येणार. आणि इथे एसटी फारच कमी दिसते. नागपूरहून मुंबई-पुण्याकडे रोज निघणाऱ्या माणसांचा मोठा भार खासगी ट्रॅव्हल्सवर आहे. माझाही धंदा त्यांच्या तिकिटांवर चालतो, तरी हे मी लिहिते आहे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे लागते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरमधल्यांना अर्धे तिकीट. तुमच्याच सभागृहात या योजनांचे स्वागत झाले आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना खरोखर घराबाहेर काढले. बहिणीकडे, दवाखान्यात, बाजारात त्या आता एकट्या जातात. पण सवलत एसटीच्या तिकिटावर आहे. ज्या मार्गावर एसटीच मिळत नाही, त्या मार्गावर सवलतही नाही. राज्यातला सर्वांत लांब आणि सर्वांत महागडा प्रवास जिला करावा लागतो, त्या विदर्भातल्या बाईला राजधानीला जाताना तिचा हक्काचा अर्धा आणा मिळत नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये थांबली ती अजून सुरू झालेली नाही. म्हणजे सत्तरीतले जोडपे मुंबईला निघाले तर त्याला एसटीची सवलत गाडीअभावी नाही आणि रेल्वेची मुळातच नाही.

ट्रॅव्हल्सच्या भाड्याला नियम आहे. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने खासगी बसला एसटीच्या त्याच दर्जाच्या गाडीच्या किलोमीटरमागील भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. दिवाळीत हा नियम आठवणारे लोक मला फार थोडे भेटतात. पुण्यात शिकणारी आणि नोकरी करणारी विदर्भातली मुले दिवाळीला घरी येतात तेव्हा त्यांचे आईबाप माझ्याकडे येऊन आकडे विचारतात आणि गप्प होतात. भाऊबीज झाली की परतीचेही तेच. "सोमवारी नाही पोचला तं कंपनीत पगार कापतीन," असे एक बाप मला सांगत होते आणि हातातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजत होते. नियम आहे, तो पाळला जातो की नाही हे गाडी निघण्याआधी बैद्यनाथ चौकात उभे राहून तपासणारा माणूस हवा.

पुण्याचा उल्लेख आला तर तेही सांगते, कारण आज नागपूरच्या तरुणांची खरी धाव मुंबईपेक्षा पुण्याकडे आहे. विमानाने हे अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. २०२५ च्या १० ऑगस्टला अजनी ते पुणे वंदे भारत सुरू झाली. ती ८८१ किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. शेगाव, भुसावळ, मनमाड, कोपरगाव, अहिल्यानगर, दौंड असा हा वळसा आहे. त्या वेळची देशातली सर्वाधिक लांब पल्ल्याची वंदे भारत म्हणून तिचे कौतुक झाले. मला त्यात एक दुखणेही दिसते. सहाशे किलोमीटरवरच्या गावाला पोहोचायला गाडीला ८८१ किलोमीटर जावे लागते, हे विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यामध्ये थेट रूळ न पडल्याचे माप आहे. बारा तास खुर्चीत बसून जाणे तरुणाला जमते. मणक्याचे दुखणे असलेल्या माणसाला जमत नाही. तो झोपून जाता येईल अशी रात्रीची गाडी मागतो आणि रात्रीच्या गाड्या भरलेल्या असतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. दवाखान्याची तारीख साठ दिवस आधी कोणाला ठाऊक असते? उरते तत्काळ. त्यात एसीची खिडकी सकाळी दहाला आणि स्लीपरची अकराला उघडते आणि काही मिनिटांत वेटिंग सुरू होते.

रस्त्याने पुण्याला जाणारे समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरपर्यंत झपाट्याने जातात आणि तिथून अहिल्यानगरच्या जुन्या रस्त्याला लागतात. रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली. ज्यांनी हा टापू पहाटे ओलांडला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. वाघोलीच्या कोंडीत अडकलेल्या गाडीतून पोरे आईला फोन करतात, "पोचलोच," आणि पुढे आणखी दीड तास लागतो.

याच पुण्याच्या वाटेवर १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ माणसे गेली. त्यांतली कित्येक शिकायला आणि नोकरीला निघालेली तरुण मुले होती. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणारे आईबाप भाडे विचारायच्या आधी विचारायचे, की गाडीला चालक किती आहेत, मागचे दार उघडते का, काच फोडायचा हातोडा असतो का. मी फोन करून विचारायचे आणि जे कळेल ते सांगायचे. हे प्रश्न आईबापांनी तिकीट काढणाऱ्या बाईला विचारावेत आणि तिने फोनवर खात्री करावी, ही व्यवस्था म्हणता येत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता; २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दोन्हींत कामाचा दिवस आठ तासांचा धरला आहे. नागपूर-पुणे किंवा नागपूर-मुंबई बस बारा तासांच्या आत पोहोचत नाही. म्हणजे दोन चालक ही सोय नाही, तो कायदा आहे. सरळ, एकसारख्या रस्त्यावर रात्री दोननंतर चालकाला जी तंद्री लागते तिच्यावर उपाय म्हणजे दुसरा माणूस आणि मधली विश्रांती. प्रवासाचा वेळ छापताना ही विश्रांती त्यात धरली पाहिजे. वेळ कमी दाखवण्याच्या चढाओढीत पहिला बळी या अर्ध्या तासाचा जातो.

आतापर्यंत मी नागपूरपासून मोजले. नागपूर हे तुमच्या नकाशावर विदर्भाचे टोक असेल, विदर्भातल्या अनेकांसाठी ते अर्ध्या वाटेवरचे गाव आहे. भामरागडहून गडचिरोली जवळजवळ तितकेच लांब आहे जितके गडचिरोलीहून नागपूर. गडचिरोली शहराला अजून रेल्वे नाही. वडसा-गडचिरोली या ५२ किलोमीटरच्या मार्गाचे काम चालू आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. तिकडचा एखादा माणूस मुंबईत एका दिवसाच्या कामाला निघाला तर तो पहिला दिवस नागपूरला येण्यात घालवतो, ती रात्र गाडीत, दुसरा दिवस कामात, दुसरी रात्र परतीच्या गाडीत आणि तिसरा दिवस पुन्हा नागपूरहून घरी. सगळे जुळले तर. न जुळल्यास चौथा दिवस. यात त्याची मजुरी बुडते आणि सोबत आलेल्याचीही बुडते, कारण असा माणूस मुंबईला एकटा जात नाही. हा हिशेब कोणत्याही प्रकल्प अहवालात मी वाचला नाही, पण माझ्या काउंटरवर तो रोज मांडला जातो.

एक वयस्क जोडपे माझ्या लक्षात आहे. जमिनीचे प्रकरण होते, मुंबईतल्या एका कार्यालयात सुनावणी होती. विदर्भ एक्स्प्रेसची दोन तिकिटे तत्काळमध्ये मिळाली याचाच त्यांना केवढा आनंद. चौदा तास प्रवास करून ते गेले आणि दाराशी त्यांना कळले, की आजची तारीख पुढे गेली आहे. पुढच्या तारखेचे तिकीट काढायला ते माझ्याकडे आले तेव्हा आजोबांनी रागाचा एक शब्द काढला नाही. फक्त विचारले, "हे नागपुरात नाही होऊ शकत का?" मला उत्तर देता आले नाही. तुम्ही देऊ शकता.

सन्माननीय सदस्यहो, तुम्ही दर हिवाळ्यात नागपूरला येता ते मुळात याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठी भाषक भागांच्या नेत्यांमध्ये २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला तेव्हा मुंबई इथून दूर आहे, हे सगळ्यांनी मान्य केले होते. शासनाने वर्षातला काही काळ नागपुरात बसावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन इथे व्हावे, असे त्या करारात ठरले. रस्ते कधीतरी चांगले होतील तोवर विदर्भाने थांबावे, असे त्या पिढीने म्हटले नाही. त्यांनी माणसाऐवजी सरकारला प्रवास करायला लावला. आज रस्ता झाला, विमाने झाली, म्हणून ही गरज संपली असे कुठेकुठे ऐकू येते. माझ्या दुकानात बसून ते मुळीच खरे वाटत नाही. मंत्र्याचे अंतर कमी झाले. अर्जदाराचे जवळजवळ तितकेच राहिले.

न्यायव्यवस्थेने हे कधीच ओळखले. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाचे आहे, राज्य माहिती आयोगाचेही आहे. तिथे जाणारा गोंदियाचा माणूस सकाळी निघून संध्याकाळी घरी जातो. मग मंत्र्यांपुढे चालणारी महसुली अपिले, निरनिराळ्या खात्यांतल्या सुनावण्या, संचालनालयांतल्या तक्रारी यांच्यासाठी पक्षकाराने मुंबईतच का उभे राहावे? दूरदृश्य संवादाची (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची) सोय आता प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. मुख्यमंत्री त्यावरून जिल्ह्यांचा आढावा घेतात. तीच सोय पक्षकारासाठी उघडा. ज्यांना प्रत्यक्षच भेटायचे असेल त्यांच्या तारखा अधिवेशनाच्या आठवड्यांत नागपुरात लावा. सचिव इथे असतात, फायली इथे येतात, मुख्यमंत्र्यांचे नागपूरचे सचिवालय असलेले हैदराबाद हाऊस इथे आहे. मग पक्षकाराने तिकडे का जायचे?

नागपूरने वेळापत्रकाच्या बाबतीत देशाला एकदा फार चांगले उदाहरण दिले आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी विमाने संध्याकाळनंतर उडायची आणि मध्यरात्री सोनेगावला एकत्र यायची. इथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कोलकात्यात पोहोचावे, हे आधी ठरले आणि त्यावरून विमानांच्या वेळा ठरल्या. आज आपण उलटे करतो. गाडी कधी मोकळी आहे, धावपट्टी कधी मिळते, कोणत्या वेळेला भाडे जास्त येते, त्यावरून वेळ ठरते आणि माणसाने त्यात स्वतःला बसवायचे.

विदर्भातल्या माणसाला मुंबईत सकाळी दहाला हजर व्हायचे असते आणि काम संपल्यावर त्याच रात्री परत निघायचे असते. यावरून एसटीच्या गाड्या लावा. गणेशपेठ बसस्थानकाहून संध्याकाळी निघून समृद्धीने जाणाऱ्या, दोन चालकांच्या, दादर-परळपर्यंत सोडणाऱ्या शयनयान गाड्या रोज धावल्या पाहिजेत, भरोत वा न भरोत. एखादी गाडी चार महिने रिकामी धावली म्हणून बंद केली तर लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला वेळच मिळत नाही. समृद्धीवर गाड्या जिथे चढतात-उतरतात त्या ठिकाणी (इंटरचेंजवर), म्हणजे कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा इथे, त्या गाड्या थांबाव्यात आणि गावातली एसटी तिथपर्यंत यावी. आज तिकडच्या माणसाच्या शेताशेजारून मुंबईचा रस्ता जातो आणि मुंबईची बस पकडायला त्याला भलतीकडेच जावे लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छतागृहे ठरावीक अंतरावर, उजेडात आणि पाण्यासह हवीत. रात्रीच्या बसमध्ये बायका पाणी न पिता बसतात हे तुमच्या घरातल्या बायकांना विचारा, त्या सांगतील.

हा रस्ता पुढे भंडारा-गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरकडे न्यायचे बेत आहेत. जरूर न्या. त्याच वेळी त्याच्यावरून कोणत्या बस धावतील, त्या कुठे थांबतील आणि तिकीट किती असेल, हेही त्याच कागदावर लिहा. आठ तासांची जाहिरात करायची तर ती गणेशपेठच्या फलाटापासून परळच्या फुटपाथपर्यंतची करा. मी ती माझ्या दुकानाच्या दारावर स्वतः लावेन.

तुमच्यापैकी कोणाला हा विषय सभागृहात मांडावासा वाटला तर तारांकित प्रश्नाचा मसुदा मी खाली देते. भाषा तुम्ही तुमच्या पद्धतीने बसवा.

सन्माननीय परिवहन मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) नागपूर-मुंबई आणि नागपूर-पुणे या मार्गांवर समृद्धी महामार्गाने रोज धावणाऱ्या एसटी बसगाड्यांची आजची संख्या किती आहे, आणि महिला व ज्येष्ठ नागरिकांना प्रवास सवलतीचा लाभ या मार्गांवर मिळावा म्हणून ती किती व केव्हा वाढवण्यात येणार आहे, (२) २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयातील भाडेमर्यादा ओलांडणाऱ्या किती खासगी बसवर गेल्या दिवाळीत नागपुरात कारवाई झाली, (३) या मार्गांवरील रात्रीच्या प्रत्येक बसमध्ये दोन चालक असल्याची तपासणी कोठे व कोण करते, (४) विदर्भातील पक्षकारांच्या मंत्रिस्तरावरील सुनावण्या नागपुरात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयांतून दूरदृश्य संवादाद्वारे घेण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आपली नम्र,
सीताबर्डीतील एक तिकीट विक्रेती
नागपूर